मास्तर-जोड

‘धंद्यातल्या गमतीजमती लिहून पाठवा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं आवडतं,’ असं संपादकांनी कळवलं. गमती पुष्कळ आहेत. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली म्हटल्यावर गमतींना काय तोटा? पण कागद पुढ्यात घेतला की मन तीन-चार वर्षांपुरतंच फिरतं. कंट्रोलची ती वर्षं, आणि त्यांच्या शेवटी आलेला तो भादवा. तेव्हा जे आठवतंय तेच लिहितो. हलकं निघालं नाही तर संपादकांनी राग मानू नये.

शिंप्याचं काम शिवण्याचं, असं लोकांना वाटतं. शिवणं घराघरात बायकांना येतं. शिंप्याचं खरं काम कापण्याचं. शिवलेलं चुकलं तर उसवता येतं, कापलेलं चुकलं तर गिऱ्हाईकही जातं आणि कापडही. आमचे वडील उमरग्यात बंड्या, बाराबंद्या, चोळ्या शिवायचे. सगळं हातानं. मला मात्र शेरवानी शिकायची होती. निजामाच्या अमलात कचेरीत जायचं तर हिंदू असो की मुसलमान, अंगात शेरवानी लागायचीच. आणि सबंध उमरग्यात शेरवानी कापणारा एकच माणूस होता, आमच्या दुकानासमोरचा इमाम उस्ताद.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, एक मुलगी होती. वडिलांना आवडलं नाही. शिंप्याच्या पोरानं दुसऱ्याच्या दारात सुई धरायची? पण उस्ताद स्वतः रस्ता ओलांडून वडिलांकडे आले आणि म्हणाले, “आबा, तुमचा हात माझ्यापेक्षा साफ हाय. माझी फक्त कात्री जुनी हाय. दत्तूला दोन वर्सं द्या.” वडील त्यावर काही बोलले नाहीत. आमच्या घरात तो होकार असायचा.

उस्ताद तेव्हा साठीला टेकलेले. दाढी नव्हती, पिकलेल्या झुबकेदार मिशा होत्या. बायको वारलेली, एकुलती लेक जैनबी हुमनाबादेच्या अलीकडं एका खेड्यात दिलेली. उस्तादांचं बालपण त्याच बाजूला गेलेलं, त्यामुळं कानडी त्यांना मराठीहून बरी यायची. पहिले दोन महिने त्यांनी मला नुसती काजं करायला लावली. तिसऱ्या महिन्यात कात्री हातात दिली आणि सांगितलं, “कापड कापताना श्वास रोकू नको. हात थरथरतो.”

दोन वर्षांनी मी आमच्या दुकानात परतलो. उस्तादांचं दुकान समोर, माझं अलीकडं. एकाच धंद्यातली दोन दुकानं, पण आमच्यात कधी तंटा झाला नाही. शेरवानीचा गळा बसला नाही की मी रस्ता ओलांडून त्यांच्याकडे जायचो.

मग लढाईच्या पायी कापडाचा कंट्रोल आला. दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या. परवान्यावर कापड मिळायचं, तेही मिळेल ते. एक सबंध वर्ष असं गेलं की कंट्रोलच्या दुकानात जाडाभरडा पांढरा लठ्ठा सोडून दुसरं काही आलंच नाही. गावातल्या यच्चयावत माणसांच्या अंगावर एकच कापड. वाण्याच्या, कुणब्याच्या, मौलवीच्या, पाटलाच्या.

त्याच वर्षी वीरभद्र मास्तर माझ्याकडे आले. लिंगायत घरातला तरुण, अंगानं काटकुळा, उमरग्याच्या सरकारी शाळेत नुकता लागलेला. घरात कानडी, शाळेत मराठी आणि इन्स्पेक्टरसाहेबांपुढं उर्दू, अशा तीन भाषांत त्याची फरफट चाललेली. त्याच्या काखेत लठ्ठ्याचा एक तागा होता आणि मेव्हण्यानं हैदराबादेहून पाठवलेला काळ्या आल्पाका लोकरीचा तुकडा.

“दत्तोबा, दोन शेरवान्या करा,” मास्तर म्हणाले. “एक शाळेला, एक सणावाराला. सहा कमीज करा. आन एखादा कोट.”

मी तुकडा मोजला. एक शेरवानी कशीबशी निघाली असती. तसं सांगितल्यावर मास्तरांचा चेहरा पडला. नोकरी नवी, शाळेत टापटीप पाहिजे, सासरी मान पाहिजे, शेतातही जायला पाहिजे. आहेत त्या दोन धोतरांपैकी एक फाटलेलं. मी त्यांना घेऊन समोर गेलो.

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं, “मास्टर, घरात खुंट्या किती हायती?”

“चार.”

“बस. चार खुंट्यांवर मावतील इत्तेच कपडे करा. कपडे कमी, धुलाई जास्ती. कपडा असा पाहिजे का तो दुसऱ्या कुठल्याबी कपड्यासंगं गेला पाहिजे. ज्याचं कुनाशीच जमत न्हाय तो कपडा काय कामाचा? पेटीत पडून कसर खाते त्याला.”

मग आम्ही तिघं खडू घेऊन बसलो. मी आजवर पुष्कळ कापड कापलं, पण त्या दुपारसारखं डोकं कधी चालवलं नाही. एक शेरवानी, दोन कमीज, दोन पायजमे, एक बिनबाह्यांचं जाकीट, आणि घरचं धड धोतर. एवढ्यात मास्तरांचं वर्ष काढायचं होतं.

कमीज दोन्ही सारखे, पांढरे, गळ्याला कॉलर नाही, नुसती उभी पट्टी. शेरवानीच्या आत ते दिसत नाहीत, जाकिटाखाली शोभतात, आणि शेतात धोतरावर नुसते घातले तरी चालतात. एक फाटला तर त्याचंच कापड दुसऱ्याला ठिगळ म्हणून लागतं, रंग वेगळा दिसत नाही. पायजमा पुढून-मागून सारखाच कापला. हे उस्तादांचं डोकं. मास्तर जमिनीवर बसून शिकवायचे, त्यामुळं गुडघे लवकर झिजणार. एक दिवस पुढची बाजू पुढं, दुसऱ्या दिवशी मागची पुढं. पायजमा दुप्पट टिकतो. शेरवानीच्या गळ्यात आतून लठ्ठ्याची पट्टी कच्च्या टाक्यांनी लावली. घामानं पट्टी मळते, शेरवानी मळत नाही. आठवड्याला पट्टी उसवायची, धुवायची, परत टाचायची. शेरवानीच्या शिवणीत दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं माया ठेवली. आमच्या धंद्यात शिवणीत जे कापड राखून ठेवतात त्याला माया म्हणतात. माणूस अंगानं भरला की ती सोडायची. मास्तरांच्या बाबतीत ती कधी सोडावी लागली नाही. आणि शेरवानी कापून उरलेल्या चिंध्या-तुकड्यांतून जाकिटाचं पुढचं अंग निघालं, पाठ लठ्ठ्याची. पुढून बघणाऱ्याला काय कळतं?

आठ दिवसांनी मास्तर सगळं घालून बघायला आले. संगं त्यांची बायको नीलम्मा होती. तिनं एकेक कपडा उलटा करून शिवण बघितली, पायजम्याची युक्ती ऐकली, आणि हसली.

“काय झालं, अक्का?” मी विचारलं.

“काय न्हाय. माझी दोन लुगडी आन तीन चोळ्या. तिन्ही चोळ्या दोन्ही लुगड्यांवर जातात. लुगडं इरलं की मधून फाडून कडा आत घेते, परत वर्षभर जातं. त्याच्या पुढं पोरीचा परकर, मग दुपटं, मग पोतेरं. तुमी तिघं बाप्यामाणसं आज आठ दिसांत जे शिकला, ते आमाला आईनं न सांगता आलंय.”

उस्ताद खाली मान घालून म्हणाले, “सच हाय, अम्मा.” आणि पुढं कितीतरी दिवस कुणी युक्ती विचारली की ते सांगायचे, मास्टरच्या घरात विचारा.

मास्तर रोज वेगळे दिसायला लागले. शाळेत शेरवानी, बाजारात जाकीट, लग्नात जाकीट आणि धोतर, शेतात कमीज. लोकांना वाटलं मास्तरांकडं पेटीभर कपडे आहेत. आतली गोष्ट कळली तेव्हा माझ्या दुकानात रीघ लागली. “मास्तरांसारखं करून द्या.” गावानंच त्याला नाव ठेवलं, मास्तर-जोड. अमक्याचा मास्तर-जोड झाला का? माझा कवा करताय? मी आणि उस्तादांनी वर्षभरात निम्म्या गावाला मास्तर-जोड घातला असेल.

एका पटवाऱ्याला तर त्याहून कमी कपड्यांत भागवायचं होतं. त्यानं जाकीट दुतोंडी मागितलं. एका बाजूनं काळं, कचेरीला. दुसऱ्या बाजूनं लाल मखमल, लग्नाला. मी दिलं करून, दोन्हीकडून काजं-बटणं घालून. हे महाशय एकदा लग्नाचं जेवून उठले ते तसेच तहसीलदारांपुढं जाऊन उभे राहिले. तहसीलदार म्हणे शांतपणे म्हणाले, “पटवारीसाब, नवरी कुठं आहे?” ही एक गंमत संपादकांसाठी.

पुढं मात्र दिवस पालटले. देश स्वतंत्र झाला आणि आम्ही तसेच मागं राहिलो. निजामाचं राज्य जाणार की राहणार, यावरून गावागावांत हत्यारं निघाली. त्याचं सगळं सांगायचं तर ते माझं काम नाही, जाणत्यांनी लिहिलं आहे. मला ते कपड्यांतून दिसलं तेवढंच सांगतो. आधी गिऱ्हाईक यायचं ते म्हणायचं, जरा चांगलं दिसंल असं करा. आता म्हणायला लागलं, कुणाच्या डोळ्यावर येणार न्हाय असं करा. पांढरी टोपी घालून रस्त्यानं गेलेल्याला निजामाच्या बाजूचे बंदूकवाले अडवायचे, धोतरवाल्याला मोटारीतून उतरवायचे. शेरवानी घालून सोलापूरच्या हद्दीत गेलेल्याला तिकडं मार बसायचा. वरचा कपडा बघून आतल्या माणसाचा निवाडा व्हायला लागला.

शाळा बंद पडली. वीरभद्र मास्तरांच्या भावाला बंदूकवाल्यांनी शेतात मारलं. तिसऱ्या दिवशी मास्तर नीलम्माला आणि मुलीला घेऊन हद्दीपलीकडं निघाले. जाताना दुकानात आले आणि शेरवानी माझ्या हातात दिली.

“ही तिकडं न्यायला नको. इथंच ऱ्हाऊ द्या.”

समोरून उस्ताद आले. मास्तरांच्या भावाला मारणारे उस्तादांच्या जातीचे होते. ते तिघांनाही ठाऊक होतं. उस्ताद काहीतरी बोलायला आले होते, ते उंबऱ्यातच थांबले. मास्तरांनीच त्यांच्या पायाला हात लावला आणि निघाले.

वर्ष उलटलं. भादव्यात भारताचं लष्कर आलं. सोलापूरच्या रस्त्यानं रणगाडे आणि मोटारी आल्या, आम्ही दुतर्फा उभे राहून फुलं टाकली. मीही टाकली. उस्ताद दुकान बंद करून आत बसले होते.

चार दिवसांत राज्य बदललं, आणि मग जे सुरू झालं ते आमच्याच लोकांनी केलं. ज्यांनी अत्याचार केले होते ते बहुतेक आधीच पळाले होते. जे राहिले ते उस्तादांसारखे होते, सुई धरणारे, नांगर धरणारे. कुणाच्या रागाची किंमत कुणी मोजली, हे मी जवळून बघितलं.

भर दुपारी दहा-बाराजण आमच्या रस्त्यावर आले. मी दुकानाची फळी ओढून घेतली आणि फटीतून बघत राहिलो. त्यांनी उस्तादांचं दार फोडलं. कापडाचे तुकडे, गिऱ्हाइकांचे अर्धवट कपडे, इस्त्री, सगळं रस्त्यावर आलं. मग दोघांनी उस्तादांचं शिवणाचं मशीन उचललं. त्यातला एक माझ्या चांगल्या ओळखीचा होता. त्याच्या अंगातला कमीज मीच शिवलेला होता. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याची नातवंडं गावात आहेत.

मी बाहेर पडलो नाही. दहाजणांपुढं मी एकटा काय करणार होतो, असं मी पुष्कळांना सांगितलं आहे. पण नुसती हाक तरी मारता आली असती. तो माझा आवाज ओळखत होता.

उस्ताद दुकानात नव्हते. माझी बायको त्यांना तासभर आधीच परसातून आमच्या घरात घेऊन आली होती. मला न विचारता. मी आत गेलो तेव्हा ते धान्याच्या कणगीआड बसले होते. अंगात शेरवानी. बाहेर पडताना, एरवीसारखे, गळ्यापर्यंत बटणं लावून निघाले होते.

“मशीन?” त्यांनी विचारलं.

“नेलं.”

“कुनी?”

“गर्दी होती, उस्ताद.”

तीन दिवस ते आमच्या घरात होते. चौथ्या दिवशी सकाळी मागच्या दारावर थाप पडली. वीरभद्र मास्तर. हद्दीपलीकडच्या छावणीतून परत आले होते, आपलं घर उभं आहे की जळालं ते बघायला. घर होतं, दारं-खिडक्या गेल्या होत्या. आत आल्यावर त्यांना उस्ताद दिसले. मास्तर उभेच राहिले. त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल ते मी आजही सांगू शकत नाही. सख्खा भाऊ गेला होता. मग ते खाली बसले आणि म्हणाले, “इथं किती दिवस लपवाल, दत्तोबा? कळणारच. जैनबीच्या गावच्या पाटलानं मुसलमानांची घरं आपल्या वाड्यात घेतलीत म्हणं. तिथं पोचवू या.”

रस्ता दीड दिवसाचा, पायी. गावोगाव काठ्या-कुऱ्हाडी घेतलेले लोक बसलेले. उस्तादांनी शेरवानीत शिवेपर्यंतसुद्धा जाणं शक्य नव्हतं. मास्तरांनी आपल्या गाठोड्यातलं धोतर काढून पुढं ठेवलं.

उस्तादांनी ते हातात घेतलं, किनार बघितली, नीट घडी घातली आणि परत दिलं.

“नक्को, मास्टर. शेरवानी कचेरीचा रिवाज व्हती, ती गेली तर जाऊ दे. पायजमा माझा हाय. मरायचं तर माझ्या कपड्यात मरतो.”

“उस्ताद, हट्टाची वेळ न्हाय ही,” मी म्हणालो.

“हट्ट न्हाय, दत्तू. सोंग घेऊन चाललो तर पाय अडखळतील. पाय अडखळले तर तुमी दोघंबी मराल.”

तेव्हा नीलम्मा बोलावी तसे मास्तर बोलले, “पायजमा तर माझ्यापण अंगात हाय. कमीजपण तसलाच. फक्त वरचं बदला.”

खरंच होतं. मास्तरांच्या अंगात आमचाच जोड होता, धुऊन धुऊन विरलेला. माझ्याही अंगात तोच. तिघांचंही कापड कंट्रोलचं, तिघांचीही शिवण एका हाताची. वेगळी होती ती एकटी शेरवानी.

मी कात्री काढली. उस्तादांनी शेरवानी उतरवून माझ्या मांडीवर ठेवली. ती त्यांनी स्वतःसाठी शिवलेली होती, लेकीच्या लग्नात. आत रेशमी अस्तर, हातानं घातलेली तुरपाई, एक टाका दुसऱ्यापेक्षा लहान-मोठा नाही. मला कापवेना.

“खिशाच्या खाली चार बोटं,” उस्ताद म्हणाले. “तिथून काप. सरळ.”

माझा हात तसाच.

“श्वास सोड, दत्तू.”

मी कापली. गुडघ्यापर्यंतची शेरवानी कमरेपर्यंत आली. खालची कड मी आत दुमडून टाचली, गळ्याची उभी पट्टी आखूड केली, बटणं बदलून साधी हाडाची लावली. गळाबंद कोट झाला. उस्तादांनी घालून बघितला, बाही झटकली आणि खालच्या कडेला बोट लावून म्हणाले, “टाके घाईचे हायती.” जन्मभर माझी चूक काढत आले होते, त्याही दिवशी काढली. खाली पडलेला कापडाचा घेर माझ्या बायकोनं गोळा केला आणि आत नेला.

उजाडताना आम्ही तिघं निघालो. पुढं मास्तर, मध्ये उस्ताद, मागं मी. दोन गावं ओलांडली, कुणी अडवलं नाही. तिसऱ्या गावाच्या शिवेवर, चिंचेखाली, सात-आठजण बसले होते. त्यातला एक उठून आडवा आला. धिप्पाड, डोळे तांबारलेले, हातात कुऱ्हाड.

“कुठले?”

“उमरग्याचे,” मास्तर म्हणाले. “हुमनाबादेकडं चाललोय. सोयऱ्याकडं मयत झालीया.”

“नाव?”

मास्तरांनी आपलं नाव सांगितलं, गळ्यातलं लिंग काढून दाखवलं. मी माझं सांगितलं. मग तो उस्तादांकडं वळला. उस्तादांनी उत्तर दिलं नाही. त्यांना खोटं नाव सांगवत नव्हतं, ते मला मागूनही दिसत होतं. मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानडीत म्हणाले, “नम्म अज्जा, बिडप्पा.” आमचा म्हातारा आहे, सोड बाबा.

ज्याचा भाऊ गेला तो माणूस हे बोलला. पुढं मी त्यांना एकदा विचारलं, तुम्हाला त्या वेळी काय वाटलं. ते म्हणाले, काही वाटायला वेळ नव्हता.

कुऱ्हाडवाल्यानं तिघांना वरपासून खालपर्यंत बघितलं. “तिघांचे कपडे सारखेच कसं?”

“म्या शिंपी हाय,” मी पुढं झालो. “कंट्रोलचं कापड. तुमच्या अंगातबी तेच हाय की.”

त्यानं स्वतःच्या कमिजाकडं बघितलं. खरंच तोच लठ्ठा. मग त्यानं उस्तादांच्या कोटाची खालची कड चिमटीत धरली. ताजे, लांबलांब टाके.

“ही शिलाई तुझी?”

“माझी.”

“आन ह्यो म्हातारा कोन तुझा?”

“माझा गुरू,” मी म्हणालो. “मला कात्री धराया यांनी शिकवली.”

त्या सबंध दिवसात मी बोललेलं ते सगळ्यात खरं वाक्य. त्या माणसानं टाक्यांवरून नख फिरवलं. मग कड सोडून म्हणाला, “गुरूनं शिकवलेलं दिसत न्हाय शिलाईत.” मागचे लोक हसले. त्यानं कुऱ्हाडीनंच रस्ता दाखवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जैनबीच्या गावी पोचलो. पाटलाच्या वाड्यात बायकापोरं दाटीवाटीनं बसलेली होती. जैनबी बापाला बघून रडली नाही, धावत आली आणि त्यांचे हात हातात घेऊन उलटेसुलटे करून बघत राहिली, जखम आहे का म्हणून. उस्तादांनी मास्तरांना मिठी मारली. मला मारली नाही. नुसतं म्हणाले, “जा. घरी बाईमानूस एकली हाय.”

मास्तर पुढं नव्या राज्यात परत शाळेत लागले. आता शेरवानीची सक्ती राहिली नव्हती. माझ्याकडं ठेवलेल्या त्यांच्या शेरवानीचे मी त्यांच्या मुलीसाठी दोन झगे करून दिले. नीलम्मानं सांगितलं तसे, माया ठेवून.

उस्ताद उमरग्याला परत आले नाहीत. मी त्यांच्याकडं लवकर गेलो नाही. काम फार, असं कारण होतं. खरं कारण वेगळं. ज्यानं मशीन नेलं होतं त्यानं ते आपल्या मेव्हण्याला दिलं, आणि तो मेव्हणा आमच्याच आळीत, मागच्या बाजूला, शिवायला बसला. दिवसभर मला तो आवाज यायचा. शंभर मशिनींत मी तो ओळखला असता. मशीन नेणारा तो ओळखीचा माणूस सणाला कमीज शिवून घ्यायला माझ्याकडंच यायचा. मी माप घ्यायचो, गळा किती, बाही किती, विचारायचो. दुसरं काही विचारलं नाही.

दोन वर्षांनी कळलं, उस्तादांची नजर गेली. तेव्हा गेलो. ते ओसरीवर बाजेवर बसले होते. अंगात कमीज, पायजमा. माझा आवाज ऐकून त्यांनी जागा करून दिली. घरचं विचारलं, मास्तरांचं विचारलं, माझ्या मुलीचं लग्न ठरलं का ते विचारलं. जैनबीनं चहा आणला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

“मशीन कुनाकडं हाय, दत्तू?”

“माहीत न्हाय, उस्ताद.”

त्यांनी मान हलवली. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. ती लांब जाईपर्यंत ते ऐकत राहिले. मग सहज विचारलं, “चालतंय का नीट?”

“चालतंय,” मी म्हणालो.

शब्द निघून गेला तेव्हा मला कळलं मी काय बोललो ते. मी मान खाली घातली. त्यांना दिसत नव्हतं, तरी घातली. जैनबी कप उचलून आत गेली.

“तेल घालाया सांग त्याला,” उस्ताद म्हणाले. “खालच्या चाकाला. तिथं घालायचं कुनाच्या ध्यानात ऱ्हात न्हाय.”

“सांगतो.”

त्या पावसाळ्यात ते गेले. तो माणूस त्यानंतर वीस-बावीस वर्षं माझ्याकडून कपडे शिवून घेत होता. मी त्याला तेलाचं सांगितलं नाही.